किल्ली घरात, गाडी गायब: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पुश बटनवाल्या गाड्यांवर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यात एवढंच म्हटलं होतं की किल्ली तुमच्या घरात असतानाही खाली पार्किंगमधली गाडी काच न फोडता चालू करून नेता येते. त्यावर बरीच पत्रं आली, मेल आले, त्यातली निवडक इथं घेतलीत. बहुतेकांच्या पत्रात एक अपराधीपणा आहे, "आमचं काय चुकलं" असा सूर आहे, म्हणून उत्तरांच्या आधीच माझं मत सांगून टाकते. गाडी किल्लीला तिची ओळख विचारते, पण किल्ली आत्ता किती लांब आहे हे बहुतेक गाड्या मोजतच नाहीत, ही कमतरता बनवणाऱ्यांची आहे आणि त्यांना ती २०११ पासून कागदावर माहिती आहे. मालकाची चूक यात शोधू नका.

प्रश्न: फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि गाडी बरोबर खाली स्टिल्ट पार्किंगमधे. किल्ली दाराजवळच्या हुकला असते. मेव्हणा म्हणतो स्टीलच्या डब्यात ठेव, बायको म्हणते मायक्रोवेव्हमधे ठेवू, ऑफिसातला एकजण म्हणाला हे सगळं परदेशात होतं, इकडं नाही. नक्की काय ते एकदा नीट सांगा. (वाकड, पुणे)

आधी ही सिस्टीम चालते कशी ते बघू, म्हणजे डब्याचं आपोआप कळेल. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी एक कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडते, साधारण १२५ किलोहर्ट्झचा, तो जेमतेम एक दोन मीटर जातो. खिशातली किल्ली तो ऐकून जागी होते, आकडेमोड करून उत्तर तयार करते आणि ते वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर पाठवते, युरोपात आणि आपल्याकडं बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर, आणि हे उत्तर मात्र कितीतरी लांब पोचतं. आता यातली गोम अशी की गाडीनं गृहीत धरलेलं असतं, माझा आवाज दोन मीटरच जातो, म्हणजे ज्यानं उत्तर दिलं तो दोन मीटरच्या आतच असणार. वर्गात हजेरी चालू आहे आणि कुणीतरी फोन स्पीकरवर टाकून घरी झोपलेल्या मुलाकडून "हजर" म्हणवून घेतंय, आवाज खरा, नाव खरं, मुलगा मात्र वर्गात नाही, तसं हे. एक चोर तुमच्या दाराबाहेर किंवा भिंतीपाशी अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, दोघं मिळून गाडीचा आवाज किल्लीपर्यंत नेतात आणि किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत आणतात, यालाच रिले म्हणतात. कोड तोडावा लागत नाही, काही चोरून डिकोड करावं लागत नाही, एन्क्रिप्शन कितीही भारी असलं तरी फरक पडत नाही कारण उत्तर खऱ्या किल्लीनंच दिलेलं असतं.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी, फ्रांसियोन, दानेव आणि चापकून यांनी, २०११ साली हे करून दाखवलं, ८ कंपन्यांची १० मॉडेल्स घेतली आणि दहाच्या दहा उघडली आणि चालू झाली. जर्मनीतला एडीएसी हा वाहनधारकांचा मोठा क्लब २०१६ पासून दर थोड्या दिवसांनी नव्या गाड्यांवर हीच टेस्ट करतोय आणि अजूनही बहुतांश गाड्या उघडतात. २०१७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सॉलीहलच्या एका घराबाहेरच्या सीसीटीव्हीचं फुटेज लोकांसमोर ठेवलं, त्यात दोघं येतात, एकजण घराच्या दाराशी खोका धरून फिरतो, दुसरा मर्सिडीजपाशी थांबतो आणि साधारण एका मिनिटात गाडी निघून जाते, घरातले झोपलेलेच. बरं एकदा चालू झाली की किल्ली लांब गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही, धावती गाडी मधेच बंद पडली तर अपघात होईल म्हणून तसं मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि चोराला तेवढंच पुरतं.

आता डबा. धातूचा डबा सिग्नल अडवू शकतो पण झाकण घट्ट नसेल, चहूबाजूंनी धातू नसेल तर अडवत नाही, त्यामुळं मेव्हण्याच्या शब्दावर जाऊ नका आणि माझ्याही जाऊ नका, किल्ली डब्यात घाला, डबा हातात घेऊन गाडीला चिकटून उभे राहा आणि हँडल ओढा. उघडली तर डबा बाद. बाजारात सिग्नल अडवणाऱ्या पिशव्या, म्हणजे फॅरडे पाउच, मिळतात, त्यांनाही हीच परीक्षा, आणि दर दोन चार महिन्यांनी परत घ्या कारण घडीवर आतलं धातूचं अस्तर फाटतं. मायक्रोवेव्हमधे अजिबात ठेवू नका, घरात कुणीतरी न बघता बटन दाबेल आणि किल्लीतली बॅटरी पेट घेईल. आणि दुसरी किल्ली! ती कपाटात पडलेली असते, सगळे तिला विसरतात, ती पण तितकीच बोलते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे किल्ली झोपवायची सोय आहे का बघा, टोयोटाच्या बऱ्याच किल्ल्यांमधे बॅटरी सेव्हिंग मोड असतो, काही गाड्यांमधे मेनूतून कीलेस एंट्री, म्हणजे किल्ली खिशात ठेवूनच दार उघडायची सोय, पूर्ण बंद करता येते, मग दर वेळी बटन दाबून लॉक उघडावं लागेल, दाबायचं. मर्सिडीज, फोर्ड अशा काही कंपन्यांनी २०१८-१९ पासून किल्लीत हालचाल ओळखणारा सेन्सर टाकला, किल्ली थोडा वेळ स्थिर पडून राहिली की ती आपोआप गप्प होते, हुकला टांगलेल्या किल्लीसाठी हा उपाय खरंच चांगला आहे.

इकडं होतं का, तर आपल्याकडं पोलीस टोळ्या पकडतात तेव्हा जास्त करून वेगळी पद्धत समोर येते, तिचं उत्तर पुढं दिल्लीच्या पत्रात दिलंय. पण गाड्या त्याच, किल्ल्या त्याच, फ्रिक्वेन्सी तीच, तेव्हा इकडं होत नाही या भरवशावर हुकला किल्ली टांगू नका.

प्रश्न: आम्ही ब्रॅम्पटनला राहतो. मागच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेमधून आमची एसयूव्ही गेली. दोन्ही किल्ल्या पाउचमधे होत्या, पाउच टेस्ट केलेला होता. चोरीच्या आधीच्या आठवड्यात पुढच्या चाकाजवळचं बंपरचं प्लास्टिक निघालेलं दिसलं होतं, मला वाटलं बर्फाच्या ढिगाला घासलं असेल. त्याचा संबंध असू शकतो का? मिस्टर अजून स्वतःला दोष देतात. (ब्रॅम्पटन, कॅनडा)

ताई, संबंध असण्याची शक्यता खूप आहे, आणि मिस्टरांना सांगा की पाउच वापरणाऱ्या माणसानं करण्यासारखं जे होतं ते सगळं त्यांनी केलं होतं.

तुमच्यासारखीच गोष्ट लंडनमधे एका अशा माणसाच्या बाबतीत घडली की ज्याचा व्यवसायच गाड्यांची सायबर सुरक्षा हा आहे. इयन टेबर त्यांचं नाव. २०२२ मधे त्यांच्या टोयोटा रॅव फोरचा पुढचा बंपर ओढलेला आणि हेडलाइटची वायर काढलेली त्यांना दिसली, वाटलं कुणीतरी उगाच नासधूस केली, काही महिन्यांनी परत तेच झालं, आणि मग जुलैमधे गाडीच गेली. त्यांनी टोयोटाच्या अॅपमधे गाडीनं पाठवलेली फॉल्टची नोंद बघितली, चोरांच्या बाजारात विकलं जाणारं एक यंत्र विकत आणलं, ते उघडलं आणि केन टिंडेल या त्यांच्या ओळखीच्या तज्ज्ञाबरोबर मिळून सगळा उलगडा २०२३ च्या एप्रिलमधे जाहीर केला. यंत्र होतं जेबीएलच्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात, म्हणजे पोलिसांनी अडवलं तरी गाणी ऐकायचा स्पीकर. आत मोजक्या रुपयांच्या चिप. चोरांना मात्र ते हजारो युरोंना विकलं जात होतं.

ते करतं काय, तर किल्लीच्या वाटेलाच जात नाही. आजच्या गाडीत इंजिन, दारं, दिवे, ब्रेक या सगळ्यांचे छोटे कॉम्प्युटर एका सामाईक वायरींच्या जोडीवर एकमेकांशी बोलतात, त्याला कॅन बस म्हणतात, बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ मधे आणली. तेव्हा गाडीच्या आतले सगळे आपलेच असं धरून ती केलेली होती, त्यामुळं निरोप कुणी पाठवला हे तपासायची सोयच त्यात नाही. हेडलाइटसुद्धा हल्ली हुशार झालेत म्हणून ती वायर बंपरच्या मागं, गाडीच्या बाहेरून हात पोचेल अशा जागी आलेली आहे. चोर बंपरचं प्लास्टिक ओढतो, तिथं यंत्र जोडतो आणि ते यंत्र वायरवर ओरडत राहतं की किल्ली बरोबर आहे, किल्ली बरोबर आहे, इंजिनचा कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, दारं उघडतात. तुमचा पाउच, तुमची किल्ली यांना कुणी विचारतच नाही. किल्लीचं कुलूप कितीही मजबूत करा, आतल्या निरोपावर सही नसेल तर काय उपयोग. यावर इलाज आहे, निरोपांना क्रिप्टोग्राफीची सही लावायची, बाहेरून हात पोचेल ती वायर वेगळी ठेवायची आणि मधे निरोप तपासून सोडणारा गेटवे बसवायचा, पण हे सगळं कंपनीनंच करायचं असतं, आपण घरी बसून काही करू शकत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात जास्त सलतं.

तुमच्याकडं ओंटारिओत तर याचा कळस झाला. सरकारच्याच सांगण्यानुसार कॅनडात वर्षाला साधारण ९०,००० गाड्या चोरीला जायला लागल्या, बऱ्याचशा कंटेनरमधे घालून माँट्रियल बंदरातून आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडं जायच्या, शेवटी ८ फेब्रुवारी २०२४ ला ओटावात यासाठी राष्ट्रीय परिषद भरवावी लागली. आणि त्याच सुमाराला टोरांटो पोलिसांच्या एका अधिकाऱ्यानं नागरिकांच्या बैठकीत सांगितलं की किल्ल्या पाउचमधे घालून पुढच्या दाराशी ठेवा, म्हणजे चोर घरात शिरून तुमच्यावर हल्ला करणार नाहीत. तो अधिकारी लोकांच्या जिवाच्या काळजीनंच बोलला असेल, पण माणसांनी आपली गाडी स्वतःहून दाराशी ठेवून द्यावी इथवर गोष्ट आली, यात जबाबदारी कुणाची याचं उत्तर कुठल्याच कंपनीनं दिलं नाही. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाडीत इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी सोय, सक्तीचा आहे, चांगलाच नियम तो, पण तो आला तेव्हा असली यंत्रं कुणाच्या डोक्यातही नव्हती आणि चोर नियमाच्या कितीतरी पुढं गेले.

पुढच्या गाडीसाठी: वेगळा बसवलेला दुसरा इमोबिलायझर, म्हणजे ठरावीक बटनांचा क्रम दाबल्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही असा, हा कॅनच्या हल्ल्यालाही बऱ्यापैकी पुरून उरतो, पण चांगल्या माणसाकडून बसवून घ्या आणि आधी वॉरंटीचं विचारा. त्याच्या जोडीला स्टीयरिंगला लावायचा जाडजूड लोखंडी लॉक. तो कापता येतो, माहितीये, पण कापायला वेळ लागतो, आवाज होतो आणि शेजारच्या ड्राइव्हवेमधे तो नसलेली गाडी असते. आणि बंपर, चाकाच्या वरचं प्लास्टिक, हेडलाइटच्या फटी यात काहीही हललेलं दिसलं की त्याच दिवशी गाडी दुसरीकडं लावा.

प्रश्न: इंजिनीअरिंगला आहे, तिसरं वर्ष. रिमोटमधे रोलिंग कोड असतो ना, दर वेळी कोड बदलतो, मग जुना कोड रेकॉर्ड करून काय होणार? रेडिओचं यंत्र घेऊन स्वतःच्या गाडीवर बघू का? (छत्रपती संभाजीनगर)

रोलिंग कोड चांगलाच आहे, साध्या रेकॉर्ड करून वाजवण्याला तो थांबवतो, जर कंपनीनं खरंच टाकला असेल तर. २०२२ च्या मार्चमधे होंडा सिव्हिकच्या काही वर्षांच्या मॉडेल्सबद्दल जाहीर झालं की रिमोटचा सिग्नल बदलतच नाही, रेकॉर्ड केलेला परत चालतो. त्याच जुलैमधे होंडाच्याच गाड्यांमधे दुसरी गोष्ट सापडली, जुने कोड ओळीनं ऐकवले की गाडीचा काउंटर मागं जातो आणि ती ते परत स्वीकारते. २०१५ मधे सॅमी कामकार यांनी आणखी वेगळा प्रकार दाखवला, रिमोट दाबल्यावर सिग्नल जॅम करायचा पण स्वतः तो साठवायचा, मालक परत दाबतो, दुसरा पण साठवायचा आणि पहिला सोडायचा, मालकाला वाटतं झालं लॉक, आणि न वापरलेला दुसरा कोड खिशात. तसंही मॉलमधे वगैरे रिमोट दाबल्यावर हँडल ओढून बघायची सवय लावून घे.

तुझ्यासाठी खरा धडा सायफरमधे, म्हणजे कोड गुप्त करायच्या पद्धतीत आहे. २०१८ मधे बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठाच्या टीमनं, लेनर्ट वाउटर्स त्यात होते, टेस्ला मॉडेल एसची किल्ली काही सेकंदात क्लोन करून दाखवली. एवढी आधुनिक गाडी, आणि किल्लीत ४० बिटचा डीएसटी४० सायफर, जो २००५ मधेच अमेरिकेत मोडून दाखवलेला होता! टेस्लानं नंतर किल्ली बदलली आणि गाडी चालवायच्या आधी पिन टाकायची सोय दिली, ती सोय मला सगळ्याच गाड्यांमधे बघायला आवडेल. उलट बाजूला मेगामॉस क्रिप्टो नावाच्या चिपचं प्रकरण बघ. इमोबिलायझरच्या या चिपमधली कमजोरी शोधणाऱ्या संशोधकांचा पेपर फोक्सवॅगननं २०१३ मधे लंडनच्या हायकोर्टात जाऊन थांबवला, तो २०१५ मधे छापून आला. दोन वर्षं त्या गाड्या रस्त्यावर होत्या, मालकांना काही पत्ता नाही. दोष लपवला की चोरांपासून लपत नाही, फक्त गिऱ्हाइकापासून लपतो, असं माझं ठाम मत आहे.

स्वतःच्या गाडीवर काही करून बघण्याबद्दल: सिग्नल ऐकून त्याचा आकार वगैरे अभ्यासणं वेगळं आणि सिग्नल सोडणं वेगळं, सोडायला लागलास की परवान्याचे नियम येतात आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या गाड्याही येतात. कॉलेजच्या लॅबमधे, सरांना विचारून, बंद पडलेल्या गाडीतून काढलेल्या सुट्या पार्टवर कर. आणि काही सापडलं तर ते जगाला सांगायच्या आधी कंपनीला कळव.

प्रश्न: नोकरीनिमित्त दिल्लीत, द्वारकेला राहतो, गाडी एमएच बाराचीच आहे. शेजाऱ्यांची एसयूव्ही गेली तेव्हा खाली फक्त काचेचे तुकडे होते. पोलीस म्हणाले नवीन किल्ली बनवली. रस्त्यावर उभ्या गाडीची किल्ली कशी बनवतात? (दिल्ली)

स्टीयरिंगच्या खाली गुडघ्यापाशी एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. मेकॅनिक तिथं स्कॅनर लावून गाडीचे फॉल्ट वाचतो. मुळात ते धुराच्या तपासणीसाठी आलं, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं, आपल्याकडं पुढं बीएस फोरच्या काळात. त्याच सॉकेटमधून नवीन किल्लीही गाडीला ओळखवता येते, कारण किल्ली हरवली की सर्व्हिस सेंटरलाही कुठूनतरी ते करावंच लागतं. चोर काच फोडतो किंवा दार उघडतो, तिथं टॅबलेटसारखं यंत्र जोडतो, कोरी किल्ली नोंदवतो आणि निघतो. इंग्लंडमधे २०१२ च्या सुमाराला बीएमडब्ल्यू गाड्या याच पद्धतीनं ओळीनं गेल्या होत्या, म्हणजे ही नवी गोष्ट नाही, दहा वर्षांहून जुनी आहे.

काहीजण म्हणतात ते पोर्टच बंद करून टाका. मला ते पटत नाही, मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं पोट जाईल आणि आपण शोरूमच्या बिलाला बांधले जाऊ. किल्ली नोंदवायच्या कामाला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागेल, बाकीचे फॉल्ट कुणालाही वाचता येतील, असं वेगळं करता येतं आणि काही कंपन्या तसं करतातही. तुम्ही ओबीडी लॉक बसवून घ्या, लोखंडी पेटी असते ती, सॉकेटवर बसते. शिवाय गिअर लॉक. दिल्लीत गिअर लॉक लावलेल्या गाड्या पूर्वीपासून दिसतात, लोक अनुभवानं शहाणे झालेत तिथले. व्हॅले पार्किंगला किल्ली देताना फक्त गाडीची किल्ली द्या, आणि कुठल्याही अनोळखी माणसाच्या हातात गाडी आणि किल्ली दोन्ही तासभर ठेवू नका.

प्रश्न: आमची गाडी मार्चमधे घरासमोरून चोरीला गेली. एक किल्ली वर्षापूर्वीच हरवली होती, त्यामुळं विमा कंपनीला एकच दिली. आता ते म्हणतात दुसरी किल्ली द्या नाहीतर क्लेम नाही. एफआयआर त्याच दिवशी केली होती पण कंपनीला कळवायला बारा दिवस लागले, सासूबाई हॉस्पिटलमधे होत्या. क्लेम गेला का आमचा? (नाशिक)

नाही गेला ताई, घाबरू नका, पण कागद नीट लावावे लागतील.

उशिराचं आधी. २०२० च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलंय की गाडीचोरीची एफआयआर लगेच केलेली असेल आणि चोरी खरी असल्याचं दिसत असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही. तुमची एफआयआर त्याच दिवशीची आहे, हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद. हॉस्पिटलची कागदपत्रं पण जोडा.

आता किल्ली. कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात त्याचं कारण, मालकानंच गाडी विकून चोरीचा बनाव केला नाही ना हे बघायचं असतं. ते समजू शकतं. पण वरची उत्तरं वाचलीत तर लक्षात येईल की आज गाडी न्यायला मालकाची किल्ली लागतच नाही, मग एक किल्ली कमी आहे म्हणून मालकावर संशय घेणं हा हिशोब जुन्या काळचा झाला, आणि ज्यांच्या घरचं वाहन गेलंय त्यांनाच आरोपीसारखं उत्तरं द्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. तुम्ही काय करायचं, तर खोटं काहीही सांगायचं नाही, बाजारातून नवी किल्ली करून "हीच ती" म्हणून तर मुळीच द्यायची नाही, किल्लीतल्या चिपवरून ते कळतं आणि मग खरा क्लेमही बुडतो. किल्ली हरवल्याची तेव्हा पोलिसात नोंद केली होती का? सर्व्हिस सेंटरला विचारणा केल्याचा मेसेज, मेल, बिल, काहीही शोधा. काहीच नसेल तर प्रतिज्ञापत्र करा, केव्हा कुठं हरवली ते सविस्तर लिहा. निष्काळजीपणाचा मुद्दा त्यांनी काढलाच तर २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वकिलाला दाखवायला सांगा, त्यात ड्रायव्हरनं किल्ली ट्रकमधेच ठेवली होती तरी मालकाला ७५ टक्के रक्कम मिळाली होती, तुमची बाजू तर त्याहून कितीतरी चांगली आहे.

पोलीस तपास लागला नाही तर शेवटी कोर्टात "ए समरी" जाते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, त्याची प्रत क्लेमला लागते, पोलीस स्टेशनला अधूनमधून जाऊन विचारत राहा. आरटीओला चोरीचं लेखी कळवा, नाहीतर उद्या त्या गाडीनं काही केलं तर नोटीस तुम्हाला. लोन असेल तर बँकेला पण. कंपनीनं लेखी नकार दिला तर आधी त्यांच्याच तक्रार कक्षाकडं, मग विमा लोकपालाकडं, पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. आणि पूर्ण विमा असला तरी मिळते ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची घटलेली किंमत, गाडी सहा महिन्यांच्या पुढं गेली की १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. नवी गाडी असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइसचं, म्हणजे बिलातली किंमत मिळेल असं, कव्हर घेऊन ठेवा.

प्रश्न: मुलानं व्हिडिओ पाठवला, अमेरिकेत पोरं यूएसबीच्या वायरनं किया, ह्युंदाई चालू करतात. आमची पण कोरियन आहे. विकून टाकू का? (ठाणे)

विकू नका काकू. तो प्रकार अमेरिकेत विकलेल्या, फिरवायच्या किल्लीच्या, साधारण २०११ ते २०२१ च्या गाड्यांचा होता ज्यात कंपनीनं इमोबिलायझरच बसवला नव्हता. २०१५ च्या मॉडेल्समधे तिथं बाकीच्या कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना तो होता आणि या दोघांच्या फक्त २६ टक्क्यांना. पुश बटनवाल्या गाड्या त्यात नव्हत्याच. तुमच्या गाडीत इमोबिलायझर आहे का ते मॅन्युअलमधे किंवा शोरूममधे विचारून खात्री करा.

प्रश्न: सेकंडहँड गाडी घेतोय, मालक एकच किल्ली देतोय. घेऊ का? (कोल्हापूर)

दुसरीचं नीट कारण सांगत नसेल तर किंमतीत कापून घ्या आणि पैसे देऊन झाल्यावर त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला जाऊन गाडीत किती किल्ल्या नोंदल्यात ते बघायला लावा, सगळ्या पुसून तुमच्याकडच्याच परत नोंदवून घ्या. गाडीला मोबाइल अॅप असेल तर जुन्या मालकाचं अकाउंट काढून टाकायला सांगा, हे बहुतेकजण विसरतात आणि त्याच्या फोनवरून दार उघडत राहतं.

प्रश्न: पुढच्या वर्षी नवी गाडी घ्यायचीय. कीलेस घ्यायचीच नाही का? (मडगाव, गोवा)

घ्या, पण विचारून घ्या. यावर खरा इलाज आलेला आहे, अल्ट्रा वाइडबँड नावाचा रेडिओ. सिग्नलला जाऊन यायला किती वेळ लागला हे तो मोजतो, रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळं मधे रिले घातला की वेळ वाढतो आणि गाडी उघडत नाही. म्हणजे किल्ली किती लांब आहे हा प्रश्न गाडी अखेर विचारायला लागली. एडीएसीच्या टेस्टमधे सुरुवातीला टिकल्या त्या जग्वार लँड रोव्हरच्या २०१८ नंतरच्या काही गाड्या, आणि ही कंपनी २००८ पासून टाटांची. गंमत नाही, याच कंपनीच्या जुन्या रेंज रोव्हर इंग्लंडमधे इतक्या चोरीला गेल्या की लोकांना विमा मिळेना, मग २०२३ मधे त्यांनी जुन्या गाड्यांची सुरक्षा सुधारायला १ कोटी पौंडांच्या वर खर्च जाहीर केला. म्हणजे मनात आणलं तर विकलेल्या गाड्याही सुधारता येतात, हे बाकीच्यांना ऐकवायला पाहिजे.

नुसती चिप आहे यावर मात्र समाधान मानू नका. २०२४ मधे बीजिंगच्या संशोधकांनी दाखवलं की टेस्ला मॉडेल थ्रीमधे हा रेडिओ असूनही अंतराची तपासणी लागू केलेली नव्हती, रिले चाललाच. शोरूममधे सरळ विचारा: किल्लीचं अंतर मोजलं जातं का, किल्ली पडून राहिली की झोपते का, चालवायच्या आधी पिनची सोय आहे का, कीलेस एंट्री मेनूतून बंद करता येते का. सेल्समन गोंधळला तर लेखी उत्तर मागा.

प्रश्न: गाडीत एअरटॅग लपवला तर चालेल? (बोरिवली)

लपवा, अॅपलचा छोटा ट्रॅकरच तो, गाडी गेल्यावर शोधायला मदत होते, चोरी थांबत नाही. पण अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा इशारा चोराच्या फोनवर जातो, ती सोय बायकांचा पाठलाग होऊ नये म्हणून आहे आणि ती असायलाच हवी, त्यामुळं जोडीला सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकरही वेगळ्या जागी बसवा. गाड्यांची चाचणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेनं मान्यता दिलेलं अँटी थेफ्ट उपकरण बसवलंत तर विम्याच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममधे अडीच टक्के सूट मागता येते, जास्तीत जास्त ५०० रुपये. आणि फोनवर ठिपका दिसला म्हणून स्वतः तिकडं जाऊ नका, ११२ ला फोन करा, लोकेशन पोलिसांना द्या आणि त्यांच्याबरोबरच जा.